निम्म्या कळपाचं औषध

मायाक्कानं खांद्यावरची मेंढी खाली उतरवायला साफ नकार दिला.

"आदी डाक्टर दावा," ती म्हणाली. "खाली ठिवली की बसंल. येकदा बसली की उठायची न्हाय."

दवाखान्याच्या ओट्यावर मी एकटीच होते. पशुवैद्यक कॉलेजातलं माझं शेवटचं वर्ष चालू होतं, अंगात पांढरा कोट होता, गळ्यात नळी लटकत होती, आणि या सगळ्या थाटाचा तिच्यावर काडीचाही परिणाम झालेला नव्हता.

"मीच डॉक्टर आहे," मी म्हणाले.

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू व्हय? तुमच्यात कुनी थोरलं न्हाय का?"

मी निमूटपणे हुद्दार सरांना बोलावून आणलं. सर आमच्या कृमी विभागाचे प्रमुख. सगळं आयुष्य कृमींच्या संगतीत गेल्यामुळे माणसांशी बोलताना ते जरा अवघडत. मेंढीशी मात्र त्यांचं चटकन जमलं. तिच्या जबड्याखाली पाण्यानं भरलेली पिशवी लोंबत होती. सरांनी ती बोटानं दाबली. खळगा तसाच राहिला. मग तिची पापणी उलटून बघितली. आत लालीचा पत्ता नव्हता.

"धरणाच्या फुगवट्यावर चारता का?" त्यांनी विचारलं.

"मंग कुटं चारू? माळाला काडी ऱ्हायली न्हाय. पानी मागं हटलं तसं गाळात हिरवं उगवलं. मेंढरं आपली तिकडंच वढ घेत्यात."

"त्या हिरव्यातच घोटाळा आहे, बाई. चिखलात बारक्या गोगलगायी असतात. त्यांच्यातून कृमी गवतावर येतो, गवतातून मेंढीच्या पोटात, आणि तिथून—"

"काळजात. ठावं हाय मला," मायाक्का म्हणाली. "मेलेलं मेंढरू फाडून बघितलं म्या. काळीज निसतं पानांनी भरलेलं, वळवळनाऱ्या. सरकारी दवाखान्यातलं औषध कितीदा पाजलं. पयलं गुन यायचा. आता त्या किड्यास्नी त्येचं कायबी वाटंना झालंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं. त्यांच्या कपाटात एक पांढरी पावडर होती. हिवतापाच्या रुग्णांना देतात तेच औषध, एका कंपनीनं त्यांना तपासायला दिलेलं. हिवतापाचा जंतू रक्तावर जगतो आणि हा काळजातला, म्हणजे यकृतातला, चपटा कृमीही रक्तावरच जगतो, एवढ्या धाग्यावर सरांची सगळी मदार होती. रक्तातल्या लोखंडाशी गाठ पडली की हे औषध पेटतं आणि रक्त पिणाऱ्यालाच जाळतं, असं ते सांगत. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर त्यांनी ते करून दाखवलं होतं. मेंढीच्या पोटात अजून गेलं नव्हतं.

सरांनी तिला सगळं सांगितलं. औषध नवं आहे, उपयोग होईल याची खात्री नाही, मेंढी दगावूही शकेल.

"मरायचीच हाय ती," मायाक्का म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिनं मेंढी खाली ठेवली. मेंढीचे दोन्ही कान काळे कुळकुळीत होते. "कानकाळी म्हनत्यात हिला. माझ्या सासऱ्याच्या मेंढरांतलं बी हाय. तिला येकटीला ठिवू नका. येकटं मेंढरू चरत न्हाय."

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"शेजारी खाली बसायचं. मान खाली घालून तोंड हलवायचं. तिला वाटतं कळपात हाय. मंग खाती."

मला वाटलं, ही माझी गंमत करतेय. दोन दिवस कानकाळीनं ढेपेला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून पेंढ्यात बसले, मान खाली घातली आणि रिकामं तोंड चालवू लागले. कानकाळीनं मला जरा वेळ पारखलं आणि मग ती खायला लागली. नेमके तेव्हाच सर औषधाची बाटली घेऊन आले. त्यानंतर कितीतरी दिवस ते मला 'आज चरून झालं का, पोतनीस?' असं विचारत.

औषधाच्या बाबतीत मात्र ते थट्टेत नसत. माप स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून बघत. "पुरी मात्रा गेली पाहिजे," ते म्हणत. "अर्ध्या मात्रेनं हा मरत नाही. चार दिवस अंडी घालायची थांबवतो आणि मग पुन्हा कामाला लागतो. उंदरांत बघितलंय मी."

कानकाळी सुधारली. पिशवी ओसरली, पापणीत गुलाबी रंग आला, लेंड्यांतली अंडी सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही सापडेनात. मायाक्का आली तेव्हा तिनं काही न बोलता मेंढीचा जबडा दोन्ही हातांत धरला, चाचपला, पुन्हा चाचपला. मग तिथेच फरशीवर बसून ती रडली. नवरा जाऊनही ज्या बाईनं डोंगरदऱ्यांतून एकटीनं कळप हिंडवला, ती अशी रडताना बघून सर खिडकीबाहेर बघू लागले.

"सायब," डोळे पुसून ती म्हणाली, "माझा समदा कळप आसाच चाललाय. रोज येक-दोन खाली बसत्यात. मेंढरं गेली तर माझ्याकडं दुसरं काय बी न्हाय. मला दुसरं काय येत बी न्हाय. हे औषध समद्यास्नी द्या."

"एका मेंढीवर काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला होता. "औषध माझ्याकडे निम्म्या कळपापुरतंच आहे. पण निम्म्या कळपाला गुण आला तर कंपनी आणखी देईल. तुम्हालाच नव्हे, सगळ्या मेंढपाळांना मिळेल. फक्त मी सांगतो तसं करावं लागेल."

"तुमी म्हनाल तसं," मायाक्का म्हणाली.

मेंढरं फुगवट्यावरून हलवून वर कोरड्या रानात न्यायची, ही सरांची पहिली अट होती. आम्ही जीपनं गेलो तेव्हा तिचा वाडा एका कापणी झालेल्या शेतात उतरला होता. वाडा म्हणजे काय, एक घोडं, दोन कुत्री, चुलीचे तीन दगड, आंबिलीचं मोठं पातेलं आणि मेंढरांभोवती लावायची जाळी, जिला ते लोक वाघर म्हणतात. कानकाळी कळपात शिरताक्षणी दिसेनाशी झाली.

आम्ही चिठ्ठ्या टाकून कळपाचे दोन भाग केले. निम्म्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला, निम्म्यांच्या निळा. कानकाळीचं औषध आधीच झालेलं, म्हणून तिला रंग लावला नाही. मग सरांनी दोन कॅन पुढे ठेवले, एकाला लाल झाकण, दुसऱ्याला निळं.

"लाल पट्ट्याला लाल कॅनमधलं, निळ्याला निळ्यातलं," ते म्हणाले. "रोज पहाटे, रिकाम्या पोटी. कॅन संपेपर्यंत."

"दोनीत औषध हाय?" मायाक्कानं विचारलं.

सर खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "नाही. एकात औषध, दुसऱ्यात नुसतं रंगवलेलं पाणी. कशात काय आहे, ते मलाही ठाऊक नाही. कंपनीनं झाकून ठेवलंय."

"मंजी निम्म्यास्नी पानीच?"

"तसं केल्याशिवाय कळणार कसं? कोरड्या रानात आणलं म्हणून सुधारली की औषधानं सुधारली?"

"आन् त्या पानीवाल्या मेल्या तर?"

"त्यांना नंतर देऊ. गुण दिसला की लगेच मागवतो."

वाघरीतली मेंढरं एकमेकांच्या अंगावर माना टाकून उभी होती. मायाक्का उठली, पिशवीतून मूठभर हळद काढली आणि कळपात शिरली. प्रत्येक पाठीवर चिमूट चिमूट टाकत, देवाचं नाव घेत ती हिंडत राहिली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "बघ गं, येखादी सुटली का. रोगराई आली की भंडारा समद्यांवर पडाय लागतो. येक जरी पाठ कोरडी ऱ्हायली तर रोग तिथनंच माघारी येतो."

पिवळे ठिपके लालवरही पडले आणि निळ्यावरही. सरांनी घड्याळ बघितलं. जीप संध्याकाळच्या आत परत न्यायची होती. कळप रोज नव्या रानात जाणार, जीप काही रोज मिळायची नाही. तेव्हा औषध मायाक्कानंच पाजायचं असं ठरलेलं होतं. मी तिला बांबूचं नळकांडं साध्या पाण्यानं भरून, मेंढीच्या जबड्याच्या कोपऱ्यातून आत कसं सरकवायचं ते दाखवायला गेले.

ती हसली. मी तिला हसताना एवढं एकदाच बघितलं. "मला शिकवतीस व्हय मेंढरू पाजायला? कालपरवा माझी मेंढी राखताना तूच पेंढ्यात चरत हुतीस म्हनं."

सरांनीच सांगितलं होतं, दुसरं कोण!

पुढचे आठवडे मी एसटीनं जाऊन लाल आणि निळ्यांच्या लेंड्या गोळा करून आणत राहिले. वाड्याचा माग काढत जायचं, मेंढीमागे वाकून फिरायचं आणि डबे घेऊन परतायचं. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नसे. पहिल्या वेळी अंडी उतरलेली दिसली तेव्हा सरांनी मला आपल्या पैशांनी भजी खिलवली. पण उतरली होती ती लालांचीही आणि निळ्यांचीही. नंतर चढली तीही दोघांची बरोबरच.

"हे कसं शक्य आहे, पोतनीस?" सर सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता विचारत. "लालात असो की निळ्यात, औषध कुठंतरी आहे ना? एका बाजूला तरी फरक दिसायला हवा!"

मेंढरं मरू लागली. आधी निळा, मग लाल, मग पुन्हा लाल. पट्टा कोणताही असो, जबड्याखाली पिशवी लोंबायची, मेंढी मागे राहायची, बसायची. मी गेले की मायाक्का मला जाग्यावरून न हलता नुसता हात करून दाखवायची, ती तिथं, ती तिकडं. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

कंपनीनं शेवटी सांगितलं, औषध लाल कॅनमध्ये होतं. लाल आणि निळ्यांत काडीचा फरक नव्हता. औषध निकामी. कंपनीनं हात झटकले, उरलेला कळप तसाच राहिला, आणि नंतर देऊ म्हटलेलं औषध कधी आलंच नाही.

"मग कानकाळी कशी जगली, सर?" मी विचारलं.

"एका मेंढीवर काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. पूर्वी हेच वाक्य ते आनंद लपवायला म्हणाले होते. "इथं ढेप खाल्ली, चिखलापासून लांब राहिली. त्यानंच सुधारली असेल. आपल्याला उगाच वाटलं."

त्यांनी कपाट रिकामं केलं. निवृत्तीला अजून अवकाश होता, पण त्यांनी नोकरी सोडली आणि ते मुलाकडे नागपूरला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "त्या बाईला भेट. मला धीर होत नाही." मला तरी कुठे होता! मी परीक्षेचं निमित्त पुढे करत राहिले आणि उन्हाळा लागल्यावर गेले.

वाडा सापडला नाही. चौकशी करत फिरले तेव्हा रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली मायाक्का दिसली. घोडं नव्हतं, कुत्री नव्हती, वाघर नव्हती. शेजारी दोरीला एकटी कानकाळी उभी होती.

"बाकीची?" मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

"ही ऱ्हायली." तिनं मला बसायला आपलं घोंगडं सरकवलं. "सायब कसं हायती?"

"नोकरी सोडून गेले, मायाक्का. औषध चाललं नाही ते त्यांच्या मनाला फार लागलं."

"त्येंचा काय दोस? चांगला मानूस. खरं ते तोंडावर सांगितलं." ती कानकाळीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "माझ्या मनाला बी लागलं, बाय. पर येक हाय, मी माझ्याकडनं कसूर केली न्हाय. तू दावलंस तसंच पाजलं. पहाटं, वाघर काढायच्या आदी. येक दिस चुकले न्हाय, येक मेंढरू सुटू दिलं न्हाय. रोज दोनी कॅनमधलं त्या पातेल्यात वतायचं, ढवळायचं, आन् मंग—"

"पातेल्यात?"

"आंबिलीच्या. दुसरं येवडं मोठं भांडं कुटं हाय माझ्याकडं?"

"दोन्ही कॅन एकत्र?"

"मंग? येगळं ठिवलं तर निम्मी तशीच ऱ्हायली असती की." मला एवढं साधं कसं कळत नाही, असं तिच्या आवाजात होतं. "येवडं थोर औषध, जरा पातळ झालं म्हनून काय झालं? समद्यांच्या तोंडात पडलं. आन् येकीला द्यायचं, येकीला न्हाय, हे वाड्यात चालत न्हाय, बाय. देवाचं आसू दे न्हायतर डाक्टरचं. रंग मातर म्या पुसलं न्हाईत. मोजायला लागत्यात म्हनलं हुतं सायबांनी."

लाल आणि निळ्यांची अंडी बरोबरच उतरली होती, बरोबरच चढली होती. प्रत्येक मेंढीच्या पोटात अर्धी मात्रा. चार दिवस अंडी थांबतील आणि मग कृमी पुन्हा कामाला लागतील एवढी. औषध चांगलं होतं. मापानं दिलं असतं तर लाल पट्ट्याची मेंढरं आज समोर चरत असती, आणि त्यांच्या जोरावर निळ्यांनाही मिळालं असतं, पलीकडच्या वाड्यांनाही. पुढे मी हे सगळं सरांना लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. कंपनीत गेले तर तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तो विषय आता बंद झालाय, मॅडम.

पण ते सगळं नंतरचं. तेव्हा मी बाभळीखाली बसले होते, आणि माझ्या जिभेवर ते आलं होतं. मायाक्का, तुम्ही ओतलंत त्या पातेल्यात. तुम्हीच. तिचा हात कानकाळीच्या पाठीवर तसाच फिरत होता. सगळं गेल्यावर तिच्याजवळ एवढं एकच उरलं होतं, की आपण कुणाला उपाशी ठेवलं नाही, सगळ्यांना सारखं दिलं. ते तिच्याकडून काढून घेऊन मी तिला काय देणार होते?

"चांगलं केलंत," मी म्हणाले.

"हिला तेवडं त्यातलं दिलं न्हाय," ती म्हणाली. "हिचा वाटा हिनं आदीच खाल्ला हुता, तुमच्यात." मग ती थांबली. मेंढीचा काळा कान तिनं दोन बोटांत धरला. "येक इचारू का, बाय? लई दिसांपास्नं मनात हाय. तेच औषध, तेच किडं. मंग हिलाच येकटीला कसं लागू पडलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नशीब हिचं," मी म्हणाले.

मायाक्कानं मान हलवली. पटलं की नाही कोण जाणे. "आसंल," ती म्हणाली. "पर कसलं नशीब ह्ये, येकटीचं?"

माझी बस लांबून येताना दिसली. मायाक्कानं दोरी सोडली. बाभळीपलीकडे बांधावर थोडं वाळलेलं गवत होतं. कानकाळी तिथवर गेली, उभी राहिली, तोंड खाली घालेना. इकडे तिकडे बघत नुसती उभी. मग मायाक्का लुगडं सावरून तिच्या शेजारी मातीत बसली, तिनं मान खाली घातली, आणि रिकामं तोंड हलवू लागली.